डिक्री निफाडची, दुकान कानपुरात

‘साहेब, डिक्री हातात आली. आता पोलीस घेऊन कानपूरला कधी निघायचं?’

निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागाईतदार २०१९ च्या उन्हाळ्यात माझ्या टेबलासमोर बसून हे विचारत होते. आपण त्यांना नाना म्हणू. २०१६ च्या हंगामात कानपूरच्या एका व्यापाऱ्याने बागेवर येऊन माल उचलला. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे आरटीजीएसने आले, पुढच्या दोन गाड्यांचे आलेच नाहीत. मग फोन उचलणं बंद. नानांनी निफाडच्या कोर्टात दावा लावला. समन्स बजावलं गेलं, प्रतिवादी फिरकला नाही, आणि मार्च २०१९ मध्ये एकतर्फी हुकूमनामा, म्हणजेच डिक्री, झाला. मुद्दल २ लाख ८० हजार, वर द.सा.द.शे. ६ टक्के व्याज.

पोलिसांचा इथे संबंध नाही, हे पहिल्यांदा सांगावं लागतं. हे देणं आहे, गुन्हा नव्हे. दिवाणी कोर्टाची वसुली करतो तो बेलीफ, आणि बेलीफाचे पाय कोर्टाच्या हद्दीला बांधलेले असतात. निफाडचा बेलीफ शेजारच्या येवल्यात जाऊन जप्ती करू शकत नाही, मग कानपूरचं काय बोलता!

‘म्हणजे आता कानपुरात पुन्हा दावा?’ नानांनी फाईल मिटलीच.

नाही. राज्यघटनेचं कलम २६१(३) सांगतं की भारतातल्या कुठल्याही दिवाणी कोर्टाचा अंतिम निकाल किंवा आदेश देशात कुठेही अंमलात आणता येतो, ‘कायद्यानुसार’. प्रकरण पुन्हा चालवायचं नाही, साक्षी-पुरावे पुन्हा नाहीत, खरं-खोटं पुन्हा तपासायचं नाही. निकाल लागला तो लागला. पण त्या शेवटच्या ‘कायद्यानुसार’मध्ये सगळा घोळ भरलेला आहे, आणि लोकांची दोन-दोन वर्षं जातात ती तिथेच.

हे कलम आज सरळ वाटतं, पण आपल्या आजोबांच्या काळात तसं नव्हतं. संस्थानी कोर्ट म्हणजे कायद्याच्या भाषेत परकं कोर्ट. कोल्हापूर दरबारचा हुकूमनामा साताऱ्यात वसूल करायचा, तर सरकारने त्या संस्थानाच्या कोर्टांना तशी सवलत जाहीर केलेली असावी लागे. यात एक मराठी सरदार घराणं चांगलंच अडकलं. ग्वाल्हेरच्या शितोळे सरदारांनी उत्तर प्रदेशातल्या काही जणांविरुद्ध १९४७ साली ग्वाल्हेरच्या कोर्टात दावा लावला आणि १९४८ साली एकतर्फी हुकूमनामा मिळवला. पुढे संस्थानं विलीन झाली, दिवाणी प्रक्रिया संहिता तिकडेही लागू झाली, आणि १९५१ मध्ये हुकूमनामा अलाहाबादला वसुलीसाठी पाठवला गेला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या दिवशी हा हुकूमनामा झाला त्या दिवशी ग्वाल्हेरचं कोर्ट या प्रतिवादींसाठी परकं होतं, ते त्या कोर्टापुढे आलेच नव्हते, तेव्हा हा कागद इथे चालणार नाही. देश एक झाला, कागद मात्र परकाच राहिला.

गोव्याची गोष्ट बरोबर उलटी. मुंबईच्या सिटी सिव्हिल कोर्टाने १९६० साली, म्हणजे गोवा पोर्तुगिजांकडे असताना, गोव्यातल्या एका प्रतिवादीविरुद्ध पैशाचा हुकूमनामा दिला. गोवा मुक्त झाल्यावर, १९६६ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहिता तिकडे लागू झाली. मग तो हुकूमनामा पणजीला गेला. तिथल्या कोर्टाने आधी हा परक्या कोर्टाचा म्हणून नाकारला, पण १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने वसुलीला मोकळीक दिली. फरक काय? इथला प्रतिवादी मुंबईच्या कोर्टापुढे हजर झाला होता. आलेला माणूस नंतर ‘हे कोर्ट माझं नव्हे’ म्हणू शकत नाही.

आज निफाड काय आणि कानपूर काय, दोन्ही एकाच कायद्याखालची कोर्टं. त्यामुळे नानांची एकतर्फी डिक्री ही लढून मिळवलेल्या डिक्रीइतकीच धडधाकट. फक्त तिला प्रवास घडवावा लागतो.

हा प्रवास १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८ ते ४२ मध्ये आणि आदेश २१ मध्ये लिहिलेला आहे. हुकूमनामा अंमलात आणायचा अधिकार दोनच कोर्टांना. एक ज्याने तो दिला ते, दुसरं ज्याच्याकडे तो वसुलीसाठी पाठवला ते. म्हणजे नानांनी डिक्रीची नक्कल खिशात घालून थेट कानपूरच्या कोर्टात दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावली, तर ती पहिल्याच तारखेला परत येणार. आधी निफाडच्या कोर्टातच अर्ज द्यायचा, की हा हुकूमनामा वसुलीसाठी कानपूरला पाठवा. कारण सांगावं लागतं. देणेकरी तिथे राहतो किंवा धंदा करतो, किंवा इथल्या हद्दीत त्याची पुरेशी मालमत्ता नाही आणि तिथे आहे, किंवा ज्या जमिनीबद्दल हुकूमनामा आहे ती जमीनच तिथे आहे. याशिवाय दुसरं एखादं कारण असलं तर कोर्टाला ते लेखी नोंदवून हुकूमनामा पाठवता येतो.

पूर्वी काही कोर्टं आपल्या हद्दीबाहेरच्या मालमत्तेवरही जप्तीचे आदेश काढायची. २००२ च्या दुरुस्तीने कलम ३९ मध्ये पोटकलम ४ घातलं आणि तो दरवाजा बंद झाला. हद्दीबाहेरचा माणूस किंवा मालमत्ता यांच्यावर मूळ कोर्टाला थेट हात टाकता येत नाही. एक खिडकी तेवढी उघडी आहे, आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. देणेकरी सरकारी किंवा रेल्वेचा नोकर असेल, तर त्याच्या पगारातून कपातीचा आदेश मूळ कोर्टच पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला पाठवू शकतं, तो अधिकारी हद्दीबाहेर असला तरी. तिथे डिक्रीला प्रवास घडवायची गरज नाही.

आता लिफाफ्यात काय जातं ते बघा, कारण सगळी गंमत या लिफाफ्यात आहे. हुकूमनाम्याची नक्कल. आमच्या हद्दीत यातले किती वसूल झाले, की काहीच झाले नाहीत, याचा दाखला. आणि यापूर्वी वसुलीचा काही आदेश झाला असेल तर त्याची नक्कल, झाला नसेल तर ‘झालेला नाही’ असा दाखला. बस. मूळ कोर्ट हे सगळं थेट दुसऱ्या कोर्टाकडे पाठवतं, राज्य वेगळं असलं तरी. मध्ये हायकोर्ट नाही, मंत्रालय नाही. तिकडचं कोर्ट हे कागद वेगळा पुरावा न मागता दाखल करून घेतं.

नानांच्या लिफाफ्यात तिसरा कागद नव्हता. ‘आदेश झालाच नाही, तर दाखला कशाचा द्यायचा?’ असं बाबूंचं म्हणणं, आणि तसं बघितलं तर ते अगदी बिनतोड. पण नियमाला ‘नाही’चाही कागद लागतो. चार महिन्यांनी लिफाफा कानपूरहून परत आला, वर लाल पेन्सिलीने खूण. तेव्हापासून मी तीनही कागद स्वतः मोजतो, शिक्का आणि सही पान उलटून बघतो, पाठवल्याचा जावक क्रमांक लिहून घेतो आणि टपालाच्या पावतीचा फोटो काढून ठेवतो. कायद्याच्या पुस्तकात हे नाही. पण परराज्यातली निम्मी प्रकरणं इथेच अडकलेली मी पाहिली आहेत. हुकूमनामा मराठीत होता म्हणून हिंदी भाषांतरही जोडलं. लिपी एकच, तरी भाषांतर हवंच.

कारण शब्द फसवतात. आपल्याकडे हुकूमनाम्याच्या वसुलीच्या अर्जाला दरखास्त म्हणतात. लहान कोर्टात रेग्युलर दरखास्त, मोठ्या कोर्टात स्पेशल. हिंदीत मात्र दरख़ास्त म्हणजे कुठलाही साधा अर्ज. मी फोनवर तिकडच्या वकिलांना म्हटलं, ‘दरखास्त लगानी है.’ ते म्हणाले, ‘किस बात की?’ तिकडे तिला इजराय म्हणतात, दरखास्तदाराला डिक्रीदार, आणि आपला बेलीफ जे करतो त्यातलं बरंच तिकडे अमीन करतो. शब्दांचं असू द्या, पद्धतही त्यांचीच चालते. कलम ४० म्हणतं की दुसऱ्या राज्यात पाठवलेला हुकूमनामा त्या राज्यातल्या नियमांप्रमाणे अंमलात येईल. म्हणून तिथला स्थानिक वकील लागतोच. इथून वकीलपत्र पाठवायचं, प्रोसेस फी तिथल्या हिशेबाने भरायची. आणि हुकूमनामा पाठवला म्हणजे आपोआप कारवाई सुरू होते असं नाही. तिथे वेगळी दरखास्त दाखल करावी लागते. लिफाफा पोहोचल्यावर ‘आता कोर्ट बघेल’ म्हणून घरी बसलेले लोक मी पाहिले आहेत.

तिकडचं कोर्ट एकदा हुकूमनामा हातात घेतला की तो जणू आपणच दिला आहे अशा अधिकाराने वागतं. जप्ती, लिलाव, बँक खात्यावर टाच, सगळं. पण हुकूमनाम्याच्या मागे जाऊन ‘हा निकाल चुकीचाच होता’ असं ते म्हणू शकत नाही. कानपूरच्या व्यापाऱ्याने पहिल्या तारखेला नेमकं हेच मांडलं: माल सडका निघाला, मला समन्सच मिळालं नाही, मराठी मला येत नाही. हे सगळं सांगायची जागा निफाड. समन्स मिळालं नव्हतं असं म्हणणं असेल तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज मूळ कोर्टातच, आणि मुदत फक्त ३० दिवस. समन्स रीतसर बजावलं नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून ३० दिवस. तेवढं करण्यासाठी कानपूरचं कोर्ट वसुली काही काळ थांबवू शकतं, हवं तर जामीन मागून. त्याने अर्ज केला नाही. वेळ काढायचा होता, तो काढून झाला.

एक खाचखळगा मात्र आमच्याच बाजूचा निघाला. दावा लावताना प्रतिवादी म्हणून पेढीचं नाव लिहिलं होतं, बिलावर होतं तसं. पेढी भागीदारीची असेल, आणि जो भागीदार कोर्टात आला नाही, त्याच्यावर समन्स बजावलेलं नाही, त्याने भागीदारी कबूल केलेली नाही, अशाच्या खासगी मालमत्तेवर जायचं असेल, तर परवानगी मूळ कोर्टाचीच लागते. हुकूमनामा जिथे पाठवला त्या कोर्टाला तो अधिकार कायद्याने दिलेला नाही. देणेकरी वारला तर त्याच्या वारसांवर वसुली चालवायचा अधिकार त्याला आहे, पण हा नाही. नानांचं नशीब म्हणून समन्स त्या व्यापाऱ्याच्या नावानेच भागीदार म्हणून बजावलं गेलं होतं. नाहीतर निफाड-कानपूर आणखी एक फेरी. परप्रांतातल्या व्यापाऱ्यावर दावा लावणाऱ्याने बिलावरच्या नावामागची माणसं कोण, हे दाव्याच्या आधी शोधावं, डिक्रीनंतर नाही.

मालमत्तेचंही तेच. कोर्ट तुमच्यासाठी मालमत्ता हुडकत बसत नाही. दुकान भाड्याचं, घर बायकोच्या नावावर, गाडी फायनान्सची, अशी उत्तरं येणारच. नानांच्या पासबुकात पहिल्या दोन गाड्यांचे आरटीजीएस होते, त्यावरून व्यापाऱ्याची बँक आणि शाखा कळली. खात्यातले पैसे म्हणजे बँकेने खातेदाराला देणं असलेली रक्कम, तेव्हा बँकेलाच नोटीस काढून ती कोर्टात भरायला लावता येते. खात्यात निघाले अकरा हजार. मग आदेश २१ नियम ४१ खाली अर्ज केला, की याने आपली सगळी मालमत्ता शपथपत्रावर सांगावी. हे शपथपत्र द्यायचा आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग होऊ शकतो. माझ्या मते हे हत्यार सगळ्यात धारदार आहे आणि वकील ते सगळ्यात शेवटी काढतात.

तुरुंगाचं नाव निघालं की दरखास्तदार खूश होतात, म्हणून तेही सांगून टाकतो. रक्कम ५ हजारांपेक्षा जास्त असेल तर जास्तीत जास्त तीन महिने, पैशाच्या डिक्रीत बाईमाणसाला अटक नाही, आणि आत बसलेल्याचा जेवणभत्ता दरखास्तदारानेच भरायचा! शिवाय १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की ज्याच्याकडे खरोखर नाही त्याला नुसतं देऊ शकत नाही म्हणून आत टाकता येणार नाही. ऐपत असून टाळतोय, लबाडी करतोय, हे दाखवावं लागतं. गरिबाच्या घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं यांनाही जप्तीतून सूट आहे.

देणेकरी माल विकून पळायच्या बेतात असेल तर हुकूमनामा पाठवायची वाट बघत बसू नका. कलम ४६ खाली मूळ कोर्ट दुसऱ्या कोर्टाला नुसतं एक पत्र पाठवतं, कोर्टाच्या भाषेत प्रिसेप्ट. अर्थ इतकाच, की अमुक मालमत्ता तेवढी जप्त करून ठेवा, बाकीचं मागून येतंय. ही जप्ती दोन महिने टिकते, कोर्टाने मुदत वाढवली किंवा तेवढ्यात हुकूमनामा रीतसर पाठवला जाऊन मालमत्तेच्या विक्रीचा अर्जही झाला तर पुढेही.

वसुलीची एकूण मुदत १२ वर्षं. कायमच्या मनाईच्या हुकूमनाम्याला मुदत नाही, अमुक गोष्ट करून द्या अशा आज्ञेच्या हुकूमनाम्याला तीनच वर्षं, बाकी सगळ्यांना बारा. पण हुकूमनामा पाठवायचा अर्ज म्हणजे दरखास्त नव्हे. तो अर्ज अकराव्या वर्षी करून दाखला निघेपर्यंत बारा उलटली, तर हातात कागद राहतो आणि वसुली जाते.

लवादाचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी करारात मान्य केलेल्या खासगी पंचाचा, निवाडा असेल तर यातलं काहीच नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लवादाचा निवाडा कोर्टाने दिलेला नसतो, त्यामुळे पाठवणारं कोर्टच नाही. मालमत्ता जिथे असेल तिथल्या कोर्टात थेट दरखास्त लावा. वाहनकर्ज देणाऱ्या कंपन्या करारात लवादाचं कलम का घालतात, त्याचं एक उत्तर हेही. बागाईतदाराच्या वहीतल्या व्यवहाराला कुठला आला करार!

देशाबाहेरचं थोडक्यात. कलम ४४अ खाली सरकारने काही देश जाहीर केले आहेत, ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग, न्यूझीलंड यांसारखे. तिथल्या वरिष्ठ कोर्टांचा पैशाचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात थेट वसुलीला लावता येतो. जानेवारी २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातींची भर पडली, तेव्हा दुबईत कर्ज ठेवून गावी परतलेल्यांनी हे वाचून ठेवलेलं बरं. अमेरिका या यादीत नाही. तिथल्या निकालावर इथे नवा दावा लावावा लागतो, तीन वर्षांच्या आत.

हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, अशा अर्थाचा शेरा प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, १८७२ साली मारला होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा असं बजावलं, २०२५ मध्ये सगळ्या हायकोर्टांकडून आकडे मागवले. देशभरात ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती पडून असल्याचं निघालं, आणि त्यातल्या सर्वांत जास्त, ३ लाख ४१ हजारांच्या आसपास, मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत.

नानांची त्यातली नव्हे, त्यांची कानपूरच्या हिशेबात. शपथपत्राची तारीख जवळ आली तसा व्यापारी नरमला. अमीन गोदामावर जाऊन आला आणि हप्ते सुरू झाले, कोर्टात भरून, पावतीसकट. अडीच लाख आले. व्याज धरून लाखभर बाकी असताना त्याने कानपूरचं दुकान आवरलं आणि इंदूरच्या मंडईत बस्तान हलवलं. मी नानांना म्हटलं, कानपूरचं कोर्टच हुकूमनामा पुढे इंदूरला पाठवू शकतं, निफाडला परत यायला नको. तिथे नवी दरखास्त लावायची, फक्त मार्च २०३१ च्या आत.

इंदूर म्हटल्यावर नानांचा चेहरा खुलला. ‘तिथं तर मराठी चालतं ना साहेब? भाषांतराचे पैसे वाचले.’

‘बाजारात चालतं नाना, कोर्टाची भाषा हिंदीच. पण भाषांतर आपल्याकडे आहे की.’

त्यांनी फाईल उघडली, भाषांतराची पानं मोजली आणि विचारलं, ‘तो नाही-चा दाखला पुन्हा लागंल का?’

‘आता नाही-चा नाही नाना. कानपूरने किती वसूल केले, त्याचा.’